ब्रायंट मोठा की सेबन? वेगवेगळ्या काळातल्या कॉलेज फुटबॉल कोचेसची तुलना करायला शिका

अमेरिकेत नवीन आलेल्या, आणि त्यातही अलाबामा, ओहायो, नेब्रास्का, टेक्सास असल्या राज्यात नोकरी नाहीतर अ‍ॅडमिशन मिळालेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. फुटबॉल म्हणजे इथलं, अंडाकृती बॉलवालं, हेल्मेट घालून खेळतात ते. आणि त्यातही कॉलेजचं. या राज्यांत कॉलेजचा कोच हा मुख्यमंत्र्यापेक्षा मोठा माणूस असतो, पगारही कितीतरी पटीने जास्त, त्यामुळे कुठला कोच सगळ्यात भारी हा वाद तुमच्या कानावर येणारच, ऑफिसात, न्हाव्याच्या खुर्चीत, पोरांच्या शाळेबाहेर, कुठेही.

मी हंट्सव्हिलला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, अलाबामा की ऑबर्न? म्हणजे राज्यातल्या दोन हाडवैरी कॉलेजांपैकी तू कुणाचा. मला वाटलं कुठे राहतोस असं विचारतोय. म्हटलं अलाबामातच राहतो की. तो हसून हसून मेला. पुढे दोन-तीन सीझन बघितल्यावर मला वाटायला लागलं आपल्याला आता सगळं कळतं, आणि एकदा लंचला मी ठोकून दिलं की निक सेबनची सात टायटलं, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदं, बेअर ब्रायंटची सहा, विषय संपला. समोर ऑफिसातले एक म्हातारे गृहस्थ बसलेले, मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणतो. काकांनी सँडविच खाली ठेवलं आणि शांतपणे एवढंच विचारलं, "१९६६ चं काय?" मला घंटा काही माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन जे शोधायला बसलो त्यातून ही पद्धत तयार झाली.

पायरी १: आधी एकच जोडी घ्या

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टॉप टेन लिस्ट करायला बसणं. रॉकनी, विल्किन्सन, वुडी हेज, पटर्नो, बाउडन, ऑस्बोर्न, मायर, सगळे एकदम डोक्यात घातले की भेळ होते. दोनच नावं घ्या, एक जुनं, एक नवं. मी ब्रायंट आणि सेबन घेतो, कारण दोघांनीही अलाबामातच राज्य केलं, एकाने १९५८ ते १९८२, दुसऱ्याने २००७ ते २०२३, त्यामुळे कॉलेज तेच, गाव तेच टस्कलूसा, पब्लिक तीच, आणि काळ बदलला की नेमकं काय बदलतं ते स्वच्छ दिसतं.

चेहरे लक्षात ठेवायला सोपे आहेत. ब्रायंट म्हणजे उंच धिप्पाड माणूस, डोक्यावर काळ्या-पांढऱ्या चौकडीची हॅट, मॅचच्या आधी गोलपोस्टला टेकून समोरच्या टीमचा वॉर्मअप बघत उभा. सेबन म्हणजे बुटका, कायम वैतागलेला, टीम भरपूर पुढे असतानासुद्धा कुणावर तरी ओरडणारा.

पायरी २: रेकॉर्ड वाचायला शिका

कोचचं रेकॉर्ड तीन आकड्यांत लिहितात, जिंकले, हरले, बरोबरीत. ब्रायंटचं ३२३-८५-१७. सेबनचं २९२-७१-१. आता नवीन माणूस काय करतो, ३२३ बघतो आणि म्हणतो ब्रायंट पुढे. थांबा.

बरोबरीला अर्धा विजय धरायचा आणि एकूण मॅचेसने भागायचं, ही इथली रीत. ब्रायंटचे ३२३ अधिक साडेआठ, भागिले ४२५, म्हणजे ७८ टक्के. सेबनचे २९२ अधिक अर्धा, भागिले ३६४, म्हणजे ८० टक्क्यांच्या जरा वर. आणि नोटर डेमचा नूट रॉकनी, १९१८ ते १९३०, १०५-१२-५, म्हणजे ८८ टक्के, वरच्या डिव्हिजनमध्ये आजपर्यंत त्याच्या वर कुणी नाही. पण तो १९३१ च्या मार्चमध्ये कॅन्ससमध्ये विमान कोसळून गेला, वय अवघं ४३, म्हणजे उतरतीचा काळ त्याच्या रेकॉर्डमध्ये आलाच नाही. हे पण बघायचं असतं, बॅट्समन फॉर्मात असताना रिटायर झाला की सरासरी छानच दिसते.

आता त्या १७ बरोबऱ्या. १९९६ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये बरोबरी हा प्रकारच बंद झाला, ओव्हरटाइम आला. सेबनच्या नावावरची एकुलती एक बरोबरी १९९५ ची आहे, मिशिगन स्टेटला होता तेव्हाची, म्हणजे नियम बदलायच्या बरोब्बर आदल्या सीझनची. ब्रायंटच्या १७ मॅचेस आज झाल्या असत्या तर काही इकडे गेल्या असत्या काही तिकडे.

शिवाय सीझनची लांबी. १९६१ ला ब्रायंटने ११ मॅचेस जिंकून टायटल घेतलं, २०१५ ला सेबनची टीम १५ खेळली. त्यामुळे नुसते विजय मोजणं म्हणजे वनडेवाल्याची आणि टी-ट्वेंटीवाल्याची सेंच्युरी एकाच तागडीत टाकणं.

आणि अजून एक बारीक गोष्ट, खोडलेले विजय. सेबनने प्रत्यक्षात २९७ जिंकले, पण पुस्तकांच्या एका भानगडीत, म्हणजे स्कॉलरशिपवाली पोरं फुकटची टेक्स्टबुकं मित्रांसाठी पण उचलत होती म्हणून, २००७ चे पाच विजय एनसीएएने, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या देशपातळीवरच्या संघटनेने, कागदावरून काढून टाकले. मॅच झालेली असते, पोरं जिंकलेली असतात, आणि कागदावर मात्र काहीच घडलेलं नसतं. म्हणून दोन वेबसाइटवर दोन आकडे दिसले तर घाबरू नका.

पायरी ३: टायटल सोलून बघा

इथे जरा वेळ काढा, कारण निम्मे वाद इथेच मिटतात, किंवा नव्याने सुरू होतात.

बाहेरच्या माणसाला पचत नाही ती गोष्ट अशी की या खेळाच्या सर्वोच्च डिव्हिजनमध्ये एनसीएए स्वतः चॅम्पियन ठरवतच नाही. कितीतरी वर्षं चॅम्पियन मतदानाने ठरायचा. १९३६ पासून एपी ही वृत्तसंस्था पत्रकारांची मतं घ्यायची, १९५० पासून यूपी, म्हणजे पुढची यूपीआय, कोचेसची मतं घ्यायची. दोघांचा निकाल वेगळा आला तर दोन चॅम्पियन, आणि दोघंही आपापल्या गावात मिरवणार. नंबर एक आणि नंबर दोन समोरासमोर आणायची धड व्यवस्था १९९८ च्या सीझनपासून झाली, चार टीमचा प्लेऑफ २०१४ ला आला, बारा टीमचा २०२४ ला.

बरं, मतदान कधी व्हायचं? सीझन संपल्यावर बाउल नावाच्या मोठ्या मॅचेस असतात, साधारण नाताळ ते नवीन वर्ष. आणि गंमत म्हणजे मतदान बहुतेक वेळा बाउलच्या आधीच उरकून टाकायचे. आता ब्रायंटची लागोपाठ तीन वर्षं बघा.

१९६४. अलाबामा दहापैकी दहा जिंकली, मतं पडली, चॅम्पियन. मग ऑरेंज बाउलमध्ये टेक्सासकडून २१-१७ ने हरली, अलाबामाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, जो नेमथ गोललाइनवर अडला तीच मॅच. तोवर टायटल देऊन झालेलं. आर्कान्सा त्या वर्षी एकही मॅच हरली नव्हती, ती बसली हात चोळत.

१९६५. एपीने ठरवलं, यंदा बाउलनंतर मतदान. अलाबामा बाउलच्या आधी चौथ्या नंबरावर, एक हार एक बरोबरी, म्हणजे विषय संपल्यातच जमा. आणि वरच्या तिन्ही टीम बाउलमध्ये हरल्या, त्यातल्या नेब्रास्काला तर अलाबामानेच ३९-२८ ने हरवलं. एपीची चॅम्पियन अलाबामा. कोचेसनी मात्र आपलं मत आधीच मिशिगन स्टेटला देऊन टाकलेलं.

१९६६. एपी परत जुन्या नियमावर, बाउलच्या आधी मतदान. अलाबामा दहापैकी दहा. नोटर डेम आणि मिशिगन स्टेट यांची एकमेकांशी १०-१० अशी बरोबरी झालेली. आणि तरी नोटर डेम पहिली, मिशिगन स्टेट दुसरी, अलाबामा तिसरी. मग शुगर बाउलमध्ये अलाबामाने नेब्रास्काला ३४-७ असं धुतलं, पण कोण विचारतो. तीन वर्षांत न हरता संपवलेला हा एकच सीझन, आणि टायटल फक्त त्याच वर्षीचं नाही!

काकांनी सँडविच खाली ठेवलं ते याच्यासाठी. अलाबामात हे वर्ष लोक अजून विसरलेले नाहीत.

उरलेल्या चारांपैकी १९७३ चं कोचेसच्या मतांवरचं, बाउलच्या आधी दिलेलं, आणि बाउलमध्ये नोटर डेमकडून २४-२३ ने हार, त्यानंतर यूपीआयनेसुद्धा शहाणपणाने मतदान बाउलनंतर न्यायचं ठरवलं. १९७८ चं अर्धं, दुसरा अर्धा यूएससीला, म्हणजे सदर्न कॅलिफोर्नियाला, आणि यूएससीने त्याच सीझनला अलाबामाला त्यांच्याच घरी हरवलेलं. १९६१ आणि १९७९ ला मात्र पत्रकार आणि कोचेस दोघांचंही मत अलाबामालाच.

सेबनची सात पण सोलायची बरं का, नाहीतर अन्याय होईल. २००३ चं एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला असतानाचं वाटून घेतलेलं, एपीने यूएससीला दिलं होतं. २०११ ला अलाबामा सीझनमध्ये एलएसयूकडून ९-६ ने हरली होती, आपल्या कॉन्फरन्समधला, म्हणजे कॉलेजांच्या लीगमधला, आपला गटसुद्धा जिंकली नव्हती, तरी फायनलला त्यांच्याशीच परत गाठ पडली आणि २१-० ने बदला घेतला. २०१७ ला पण कॉन्फरन्स फायनल न खेळता प्लेऑफमध्ये घुसले. पण सातपैकी सातही वेळा फायनल जिंकूनच कप घेतला, मतपेटीत बसून नाही. माझ्या मते सेबनचा मुद्दा क्रमांक एक हाच.

पायरी ४: कोचच्या हातात काय होतं

१९७३ च्या आधी एका टीमने एकूण किती पोरांना स्कॉलरशिप द्यायची याला एनसीएएची देशपातळीवर मर्यादाच नव्हती. मोठी कॉलेजं पोरं अक्षरशः साठवून ठेवायची, आपल्याला खेळवायची नसली तरी शेजाऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून. मग १९७३ ला १०५ चा लगाम, १९७८ ला ९५, आणि १९९२ पासून टप्प्याटप्प्याने ८५. सेबनने सगळं अलाबामा ८५ वर चालवलं. आणि २०२१ पासून तर पोरांना जाहिरातीत नाव-चेहरा वापरू दिल्याचे पैसे मिळायला लागले आणि एका सीझनला न बसता कॉलेज बदलायची मुभा आली, म्हणजे तुम्ही घडवलेला पोरगा वर्षाअखेरीस सामान उचलून प्रतिस्पर्ध्याकडे. आपल्याकडे मुंबईने सलग १५ वेळा रणजी जिंकली, १९५८-५९ ते १९७२-७३, तेव्हा कसोटीतले निम्मे चेहरे एकाच शहरातून यायचे, आज खेळाडू दुसऱ्या राज्याकडून खेळायला लगेच जातो, तसंच काहीसं समजा.

उलट बाजू पण लिहा. सेबनकडे पैसा अफाट, सहाय्यकांची आणि अ‍ॅनालिस्टची फौज, चार्टर विमानं. ब्रायंटच्या काळात १९५३ ते १९६४ बदली खेळाडू घेण्यावर बंधनं होती, तीच पोरं अ‍ॅटॅक करणार तीच डिफेन्स करणार, त्यामुळे दम कुणाचा जास्त यावर मॅच फिरायची.

पायरी ५: कुणाला दारच बंद होतं ते विचारा

ही पायरी लोक पटकन उडी मारून जातात. दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजांनी कितीतरी वर्षं काळ्या खेळाडूंना घेतलंच नाही. ब्रायंटच्या अलाबामाकडून पहिला काळा खेळाडू मैदानात उतरला तो १९७१ ला, जॉन मिचेल. त्याच्या आदल्या वर्षी यूएससीची टीम बर्मिंगहॅमला येऊन ४२-२१ ने हरवून गेली होती आणि सॅम कनिंगहॅम नावाच्या त्यांच्या काळ्या फुलबॅकने अलाबामाची दाणादाण उडवली होती. लोक ही मॅच गोष्टीसारखी सांगतात की तिच्यामुळे सगळं बदललं, पण विल्बर जॅक्सनला ब्रायंटने त्याच्या आधीच स्कॉलरशिप दिलेली होती, तेवढं लक्षात असू द्या.

मग ती हुशार पोरं जायची कुठे? लुइझियानात ग्रॅम्बलिंग नावाचं छोटं काळ्या विद्यार्थ्यांचं कॉलेज, तिथे एडी रॉबिन्सन. १९४१ ला कोच झाला तेव्हा वय २२. मैदानावरचं गवत तोच कापायचा, रेघा तोच मारायचा, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या तोच बांधायचा, आणि बाहेरगावी मॅच असली की सँडविचं करून बरोबर न्यायची, कारण वाटेतल्या हॉटेलांत काळ्यांना बसून जेवू देत नसत. १९९७ पर्यंत एकाच ठिकाणी, ४०८ विजय. ब्रायंटचा ३२३ चा आकडा त्याने १९८५ ला मागे टाकला. प्रोफेशनल फुटबॉलला त्याने दोनशेच्या वर खेळाडू दिले, विली डेव्हिस, बक ब्युकॅनन, विली ब्राउन, चार्ली जॉइनर हे चौघे तर हॉल ऑफ फेममध्ये. डग विल्यम्स पण त्याचाच, सुपर बाउल, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉलची फायनल, जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक.

कुणी म्हणेल तो वरच्या डिव्हिजनला नव्हता, त्याला मोजायचं नाही. म्हणा. पण मग ब्रायंटच्या १९७१ आधीच्या विजयांपुढे पण एक खूण करा, कारण समोरच्या बहुतेक टीममध्येसुद्धा ग्रॅम्बलिंगवाली पोरं नव्हती. एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही असं चालणार नाही.

पायरी ६: आला तेव्हा घर कसं होतं

हे पटकन. बिल स्नायडर १९८९ ला कॅन्सस स्टेटला गेला तेव्हा त्या टीमने आधीच्या दोन सीझनमध्ये एकही मॅच जिंकली नव्हती. त्याने दोन इनिंग्ज मिळून २१५ जिंकल्या. राष्ट्रीय टायटल शून्य. तुमच्या यादीत याला जागा नसेल तर यादी परत करा. ब्रायंटच्या बाजूने पण हे बोलतं, केंटकी आणि टेक्सास ए अँड एम अशा ठिकाणी त्याने कॉन्फरन्स जिंकून दाखवली. त्याच्या हाताखाली काम केलेला बम फिलिप्स म्हणायचा त्याचा अर्थ असा की हा गडी आपली पोरं घेऊन तुमच्यांना हरवेल, आणि मग तुमची घेऊन आपल्यांना हरवेल. जुन्या लोकांची हीच फूटपट्टी.

पायरी ७: काळ बदलला तेव्हा हा बदलला का

मला स्वतःला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि आकड्यांत ती सापडत नाही.

१९६९ आणि १९७० ला ब्रायंटची टीम कशीबशी निम्म्या मॅचेस जिंकत होती, लोक म्हणायला लागले म्हातारा संपला. १९७१ च्या उन्हाळ्यात, वय ५७, त्याने टेक्सासच्या डॅरेल रॉयलकडून विशबोन नावाची अ‍ॅटॅकची नवीन पद्धत शिकून घेतली. म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडे शिष्य म्हणून गेला! टस्कलूसात गुपचूप प्रॅक्टिस केली, आणि सीझनच्या पहिल्याच मॅचला लॉस एंजेलिसला जाऊन यूएससीला १७-१० ने हरवलं, समोरच्यांना पत्ताच नव्हता काय येतंय ते. त्यानंतर तीन टायटलं.

सेबनचं तसंच. तो मुळात डिफेन्सचा माणूस, सावकाश खेळून समोरच्याला चिरडणारा. २०१२-१३ च्या आसपास पटापट खेळणाऱ्या टीमनी त्याला त्रास द्यायला सुरुवात केली, टेक्सास ए अँड एम, ऑबर्न, बाउलमध्ये ओक्लाहोमाने ४५ पॉइंट ठोकले. त्याने आधी या फास्ट प्रकाराविरुद्ध कुरकुर केली, आणि मग २०१४ ला लेन किफिनला अ‍ॅटॅक सांभाळायला आणलं, स्वभावाने अगदी उलटा माणूस. २०२० पर्यंत अलाबामा मॅचला सरासरी ४८ पॉइंट करत होती. वयाच्या साठीनंतर आपलीच विद्या मोडीत काढायची, आमच्या ऑफिसात पन्नाशीचा माणूस नवीन सॉफ्टवेअर आलं तर महिनाभर रुसून बसतो.

पायरी ८: दुसरी वही

जिंकण्याच्या वहीत ही पानं मिसळू नका, पण फाडूनही टाकू नका. ब्रायंटने १९५४ ला टेक्सासात जंक्शन गावी दुष्काळातल्या उन्हात कॅम्प लावला, प्यायला पाणी न देता प्रॅक्टिस, ढीगभर पोरं पळून गेली. तेव्हा त्याला मर्दपणा म्हणायचे, आज कोच कोर्टात उभा राहील. वुडी हेजने १९७८ च्या गेटर बाउलमध्ये समोरच्या टीमच्या खेळाडूला ठोसा मारला आणि पाच राष्ट्रीय टायटलांचा कोच नोकरीवरून गेला. जो पटर्नो, पेन स्टेट, ४०९ विजय, आणि सहाय्यक कोचच्या बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात २०११ ला हकालपट्टी, १११ विजय खोडले, २०१५ ला परत दिले. विजय परत आले. मी तरी ते नाव यादीत घेताना अजून हात आखडतो, तुमचं तुम्ही ठरवा.

आता कागद घ्या

माझ्या कागदावर सेबन ब्रायंटच्या केसभर पुढे आहे, ८५ ची मर्यादा आणि सात जिंकलेल्या फायनलमुळे, आणि रॉबिन्सन दोघांच्या शेजारी वेगळ्या रकान्यात, कारण त्याला त्या दोघांबरोबर खेळूच दिलं नाही. हा कागद मी काकांना दाखवला, त्यांनी १९६६ च्या ओळीवर बोट ठेवून "हं" केलं.

तुम्हाला प्रॅक्टिससाठी एक गणित देतो. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बाउल, नेब्रास्का वि. मायामी. नेब्रास्काचा कोच टॉम ऑस्बोर्न, टीम तोवर अपराजित, नंबर एक. पहिलं टायटल हाताशी. शेवटच्या मिनिटात टचडाउन होऊन स्कोअर ३१-३०, एक पॉइंटने मागे. साधी किक मारली तर बरोबरी, आणि बरोबरीत टायटल जवळजवळ नक्की नेब्रास्काचंच. ऑस्बोर्नने किकऐवजी बॉल पुन्हा गोललाइनपलीकडे नेऊन दोन पॉइंटचा प्रयत्न करायला सांगितलं, जिंकायचं तर नीट जिंकायचं म्हणून. पास अडवला गेला, मॅच गेली, टायटल गेलं, पुढे अकरा वर्षं मिळालं नाही, १९९४ ला मिळालं.

हे त्याच्या जमेला लिहायचं की नावे? मी जमेला लिहिलंय. काका म्हणतात नावे, पोरांनी वर्षभर मर मर केलेली असते, त्यांचा कप कोचने आपल्या तत्त्वासाठी का उधळायचा. आमचं यावर अजून जमलेलं नाही.